पडद्याच्या पलीकडचा वज्रदंड

माझ्या होणाऱ्या आतेसासूबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं ते डाव्या हातानं मामाच्या टाळक्यात गदा घालताना.

वास्तविक मी डावखुरा नाही. मामाच्या टाळक्यात काहीतरी घालावं अशी इच्छा मला आयुष्यात दोन-तीनदाच झाली असेल, आणि ती मी दरवेळी आवरलेली आहे. शिवाय तो प्रकार चालला होता तेव्हा मी स्वतः त्या दालनाच्या मागच्या टोकाला, भीमा शिपायाशेजारी, घामाघूम होऊन उभा होतो. पण हे तीन साधे मुद्दे त्या बाईंना पटवून देताना माझी जी दशा झाली, ती सांगतो. वाचणाऱ्यांत कुणी लग्नाचा असेल तर त्याला निदान एवढं कळेल की मुलीकडच्या माणसांपुढं पोहे खावेत, विचारलं तेवढं बोलावं आणि कला दाखवायला जाऊ नये.

मुका सिनेमा जाऊन बोलका यायच्या बेतात होता, त्या दिवसांतली ही हकिगत. मी सोलापुरात एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. वडील माझ्या लहानपणीच गेलेले. घरात आई आणि मी. मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, कचेरीतून पेन्शनीत निघाल्यापासून आमच्याकडेच असत. वडिलांच्या वाट्याचं जे काही रागावायचं राहून गेलं होतं, ते मामा नेमानं रागावत. माणूस जिवाला जीव देणारा. फक्त तोंडात चोवीस तास पान. झोपतानासुद्धा शेवटचं पान संपलं आहे की नाही याची खात्री नसे, त्यामुळे ओठ, दात, जीभ सगळं कायमचं लालभडक झालं होतं.

त्या वर्षी शाळेच्या चित्रप्रदर्शनाची पत्रकं छापायला मी एका छापखान्यात गेलो. छापखान्याचे मालक अप्पा. त्यांचा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस तापानं पडलेला, म्हणून त्यांची मुलगी इंदू आतल्या खोलीत बसून खिळे जुळवत होती. मान खाली, बोटं भराभर चाललेली, नाकाच्या शेंड्यावर शाईचा ठिपका. तो ठिपका मला आजही जसाच्या तसा काढून दाखवता येईल. मी त्या पत्रकाचं मुद्रित तपासायला चार वेळा गेलो. पत्रक सहा ओळींचं होतं आणि त्यात पहिल्यापासूनच एकही चूक नव्हती.

पाचव्या वेळी आईनं विचारलं, "अरे, एवढं काय छापतोयस? ज्ञानकोश?" मी लाल झालो. आईला कळलं. आईला कळलं म्हणजे मामांना कळलं. मामा दुसऱ्याच दिवशी काठी घेऊन छापखान्यात हजर झाले, पत्रिका जुळली, अप्पा तर खूषच. घोडं अडलं ते एका जागी. इंदूला आई नव्हती. तिला अप्पांच्या बहिणीनं वाढवलं होतं. या आत्याबाईंचे यजमान होटगीला रेल्वेत, कधी दिवसपाळी कधी रातपाळी, त्यामुळे बाई बहुतेक भावाकडेच असायच्या आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी मामांना आतल्या दारातून एवढंच विचारलं, "मुलगा चित्रं काढतो ते कळलं. पण काम काय करतो?"

मामा घरी आले ते चडफडत. "तुझी कला त्या बाईला दाखवलीच पाहिजे. असं काहीतरी कर की बघून बोलती बंद झाली पाहिजे."

(बाईंची बोलती नंतर दोन दिवस बंद होती, हे खरं आहे. मामांचा शब्द अगदीच वाया गेला नाही.)

शाळेत एक मॅजिक लँटर्न होती. पत्र्याची पेटी, आत रॉकेलचा दिवा, पुढं भिंग. काचेवर चित्र काढून ती काच मध्ये उलटी सरकवली की समोर कापडावर माणसाएवढं चित्र उभं राहायचं. मी ठरवलं, आपण नुसती चित्रं दाखवायची नाहीत, हलती दाखवायची. एका काचेवर धड काढायचं, दुसरीवर हात किंवा जबडा, आणि दुसरी काच पुढं-मागं सरकवायची की हात खालीवर होतो, जबडा उघडतो मिटतो. शिपाई भीमा मोहोळकडचा. शाळेतली घंटा, घड्याळ आणि हेडमास्तर तिन्ही व्यवस्थित चालवायचा. त्याच्याकडे काचा सरकवायचं काम दिलं. पहिल्यांदा जबडा हलला तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, लई भारी जमलंय की. रातच्याला शाळेत मी काय आता एकटा झोपत न्हाय."

कथाही माझीच. वज्रदंड नावाचा वीर. दिवसा तो सोलापुरातला एक साधा, पापभीरू ड्रॉइंग मास्तर (हो, हो, हसा), पण गावावर संकट आलं की कोट भिरकावून द्यायचा आणि किल्ल्याच्या बुरुजावरून एका उडीत तळ्याच्या पलीकडं जायचा. हातात गदा. त्याचा वैरी रक्तशोष. हा पिंपळावर वटवाघळासारखा उलटा लोंबणारा ब्रह्मराक्षस. तिन्हीसांजा झाल्या की खाली उतरून माणसांच्या मानेला तोंड लावायचा आणि उरलेलं रक्त वाडग्यात भरून न्यायचा.

आता वज्रदंडाला चेहरा पाहिजे. मी आरसा समोर घेतला आणि माझा काढला. हे सांगताना आज कानशिलं गरम होतात, पण काढला. गळ्याखाली मात्र तालमीतल्या एका पैलवानाचं शरीर जोडलं, कारण गळ्याखाली माझ्यापाशी काढण्यासारखं काही नव्हतं. रक्तशोषाला चेहरा पाहिजे तर तो जेवणानंतर रोज आमच्या ओसरीवर तोंड उघडं टाकून घोरत पडलेला असायचाच. लाल ओठ, लाल दात, आतपर्यंत लाल. मी फक्त दोन सुळे वाढवले. लाल रंगाला आईचा आळता वापरला, काचेतून तो असा पेटायचा की माझं मलाच कौतुक वाटलं.

आणि बारकावे किती सांभाळले म्हणता! वज्रदंड उघड्या अंगाचा, जानवं डाव्या खांद्यावरून नीट सव्य, गदा उजव्या हातात. रक्तशोषाचं जानवं उजव्या खांद्यावरून, म्हणजे श्राद्धाला बसलेल्या माणसासारखं अपसव्य, आणि रक्ताचं वाडगं डाव्या हातात. बघणाऱ्याला एका नजरेत कळावं, भला कोण आणि अभद्र कोण. सिनेमासारखंच मध्ये मध्ये अक्षरांच्या काचा घालायच्या, तोंडानं गोष्ट सांगायची नाही, असंही ठरलं. अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवायचं काम मामांनी आपणहून मागून घेतलं. चित्रं मात्र मी त्यांना आधी दाखवली नाहीत. का, ते सांगायला नको.

खेळ आमच्या शेजारच्या व्यंकय्याच्या मागांच्या दालनात. साखर पेठेत व्यंकय्याचे सहा हातमाग होते. मागांना सुट्टी असते त्या दिवशी भर दुपारी त्यानं माग भिंतीला सारले, खिडक्यांना घोंगड्या लावून काळोख केला आणि स्वतः विणलेलं रुंद पांढरं कापड दालनाच्या मधोमध दोरीवर टांगून बादलीभर पाण्यानं भिजवलं. कापड ओलं असलं की चित्र आरपार उमटतं. तेव्हा अशा खेळांची रीतच होती: पडद्याच्या अलीकडं, दिव्याच्या बाजूला पुरुष, आणि पलीकडं बायका. दोघांच्या मध्ये पडदा, म्हणजे पडदाही पाळला जातो आणि खेळही दिसतो. मला ही सोय इतकी आवडली की मी आत्याबाईंसाठी पलीकडं चौरंग आणि उशी मांडून आलो. मांडताना तिथं उभा राहून पडद्याकडं एकदा बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण चित्र तिकडून कसं दिसतं हा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नाही. मी पुरुष. माझी जागा अलीकडं.

खेळ सुरू झाला. पहिल्या रांगेत अप्पा, मामा आणि व्यंकय्या, मागं पेठेतले तेलुगू विणकर. पलीकडं आत्याबाई, इंदू, आई आणि शेजारच्या बायका. विणकरांत बहुतेकांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मदार मामांवर. अक्षरांची पहिली काच पडली: "पिंपळावर रक्तशोष उलटा लोंबतो." मामांच्या तोंडात नुकतंच लावलेलं पान. रस सांडू नये म्हणून मान छताकडं करून त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "इंअळावअ अअशोश उअटा ओंअओ."

"काय म्हणाले?" अप्पांनी विचारलं.

"तेलुगू असेल," कुणीतरी म्हणालं.

"तेलुगू न्हाय," व्यंकय्या म्हणाला.

तेवढ्यात भीमानं पुढची काच घातली आणि पडद्यावर सात फुटी मामा उलटे लोंबू लागले. भीमानं जबडा हलवला. मामांनी सगळा रस गिळला. त्यांना मी त्याआधी किंवा त्यानंतर रस गिळताना पाहिलेलं नाही.

"हा... हा मी आहे?"

"तुमीच की, मामागारू," व्यंकय्या आनंदानं म्हणाला, आणि मागच्या विणकरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मामांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी छताच्या वाशांचं निरीक्षण करत होतो. पण टाळ्या थांबेनात. "पुन्ना दाखवा, पुन्ना दाखवा," म्हणून गलका झाला, भीमानं जबडा पुन्हा हलवला, आणि मामांची मान हळूहळू ताठ होत गेली. तिसऱ्या काचेपर्यंत अक्षरं वाचायचं विसरून त्यांनी मिशीवरून हात फिरवायला सुरुवात केली होती. चौथ्या काचेला ते अप्पांना सांगत होते, "माझं अजून पुढं बरंच आहे."

अलीकडं हा असा रंग भरलेला. पलीकडून मात्र टाळ्या नव्हत्या. कुजबुज होती. "अगं बाई" ऐकू आलं. मग "शिव शिव" ऐकू आलं. मग आत्याबाईंचा आवाज, "हे काय मेलं अभद्र!" मी भीमाच्या कानात म्हटलं, "बायका घाबरल्या. चांगलं लक्षण आहे. अजून जोरात हलव."

शेवटचा प्रसंग. वज्रदंड बुरुजावरून उडी घेतो आणि रक्तशोषाच्या डोक्यात एकच तडाखा मारतो, एवढंच होतं. एकच. पण दिवा तासभर पेटलेला, पेटी तापून लाल व्हायची बाकी, आणि त्या उष्णतेनं काच खोबणीत अडकली. भीमा ती सोडवायला पुढं-मागं हिसडे देऊ लागला. प्रत्येक हिसड्याला पडद्यावरचा मी पडद्यावरच्या मामांना एक गदा घालत होतो.

"भीमा, पुरे."

"मास्तर, काच निगंना की. हलिवली तर नुसता मारतुय."

"मग हलवू नकोस!"

"न्हाय हलिवली तर जळंल न्हवं."

विणकर तडाखे मोजायला लागले. ओकटि, रेंडु, मूडु. मामा आधी हसत होते, मग त्यांचं हसू मावळलं, आणि एका टप्प्यावर त्यांनी नकळत डोक्यावर हात धरला. मी पुढं झालो आणि उजव्या हातानं थेट काच धरली. ती किती तापली होती हे मला त्याच क्षणी समजलं. मी बोंब मारली. ती बोंब पलीकडं नेमकी वज्रदंडाच्या तोंडून आल्यासारखी वाटली असणार.

"सोडा त्या गरीब माणसाला!" आत्याबाई उठल्या, आणि त्यांनी पलीकडून पडद्यावर हातातला पंखा असा हाणला की भिजून जड झालेल्या कापडाची दोरी सुटली. पडदा सगळाच्या सगळा पहिल्या रांगेवर कोसळला. अप्पा, मामा आणि व्यंकय्या ओल्या कापडाखाली गेले. मध्ये अडवायला काही उरलं नाही, त्यामुळे चित्र सरळ समोर उभ्या आत्याबाईंच्या हिरव्या लुगड्यावर पडलं. मामांचा उघडा जबडा बरोबर त्यांच्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यावर आला, आणि भीमा अजून काच हलवतच होता.

"दिवा घालव रे कुणीतरी," कापडाखालून मामांचा आवाज आला. दिवा गेला. काळोखात सगळ्यांत आधी ऐकू आलं ते आत्याबाईंचं, "इंदू, ऊठ. घरी."

त्या आवाजावरून मला कळलं की संपलं. मी काळोखात भाजलेला हात तोंडात धरून उभा होतो, आणि खरं सांगतो, रडू हातासाठी येत नव्हतं. तो नाकावरचा ठिपका डोळ्यांपुढून जात नव्हता.

घरी आईनं भाजलेल्या बोटांवर दौतीतली शाई ओतली (त्या काळी भाजल्यावर हाच उपाय) आणि फुंकर घातली. मग म्हणाली, "एक विचारू? तुझ्या त्या गदेवाल्याच्या घरी कोण गेलं होतं?"

"कोण गेलं होतं म्हणजे?"

"अपसव्य होतं ना. पहिल्यापासून शेवटपर्यंत. उड्या मारतोय, तोही अपसव्य. आम्ही म्हटलं, बिचारा श्राद्धावरून तसाच उठून आलेला दिसतो. आणि सगळं डाव्या हातानं! गदा डाव्या हातानं, आशीर्वाद डाव्या हातानं. आत्याबाई मला हळूच म्हणाल्या, मुलगा लहानपणापासून असाच का? मी काय सांगणार?"

"आणि मामा?"

"दादाचं मात्र छान केलंस हो. जानवं नीट, आधी पिंपळाला उलटं लोंबून तप करतोय, मग उजव्या हातात पंचपात्र घेऊन शांतपणे तीर्थ पितोय. तोंडाला कुंकू लागलं होतं थोडं, पण पूजेत लागतं. असल्या देवमाणसाला तू येऊन बडवलंस. तेही किती वेळा. आत्याबाई शेवटी रडकुंडीला आल्या होत्या."

"अगं, पण अक्षरं होती की! रक्तशोष, ब्रह्मराक्षस, सगळं लिहिलं होतं."

"ती तुझी अक्षरं होती होय? आम्हाला वाटलं, फारशी आहे."

मी आरशाकडं गेलो. उजवा हात वर केला. आरशातल्या शहाण्यानं डावा केला. तीन आठवडे रात्रीचा दिवस करून मी जे बारकावे सांभाळले होते, ते एकूण एक पडद्याच्या पलीकडं माझ्यावरच उलटले होते. बारकावे नसते तर कुणाला काही कळलंच नसतं.

तिसऱ्या दिवशी अप्पांचा निरोप आला: आत्या म्हणते, मुलाला एकदा जेवायला पाठवा. मामांनी निरोपाचा अर्थ लगेच काढला. "हात बघायचाय तिला. ऐक, मेलास तरी उजव्या हातानं जेव. आणि जानव्यावर लक्ष ठेव."

"मामा, बोटं सोलून निघालीत."

"माझ्या डोक्यात इतक्या गदा घातल्यास, मी काही बोललो? जेव गप."

मी सोवळं नेसून, उघड्या अंगानं पाटावर बसलो. शेजारी मामा, समोर अप्पा. आतल्या दारात आत्याबाई उभ्या, नजर माझ्या हातावर. त्यांच्यामागं इंदूच्या काकणांचा आवाज. पानात वाफाळती आमटी, कडक भाकरी, आणि मधोमध आपल्या सोलापूरची शेंगाची चटणी, लालजर्द. मी निळी बोटं पुढं केली. भाकरी मोडली, चटणीत बुडवली. बोटांतून जी आग निघाली ती थेट मेंदूत गेली. मी हसून दुसरा घास घेतला. डोळ्यांतून धारा लागल्या.

मध्ये मध्ये मी डाव्या हातानं जानवं चाचपत होतो. जानवं जागेवर आहे ना, एकदा बघितलं. पुन्हा बघितलं. मामांनीही मध्येच हात घालून ते नीट केलं. चौथ्यांदा मी आणि मामांनी एकाच वेळी ओढलं आणि ते काखेतून सुटून आमटीत गेलं.

"कुणी सुतकात आहे का?" आत्याबाईंनी दारातून विचारलं.

"नाही, नाही."

"मग रडताय का?"

मी खरं सांगायचं सोडून बोलून गेलो, "आई आठवली. जेवण अगदी तसंच झालंय." आई दोन गल्ल्या पलीकडं धडधाकट होती आणि सकाळीच मला शाई लावून दिली होती. मामांनी ठसका लागल्याचं सोंग केलं.

पण बाई विरघळल्या. पदर डोळ्याला लावला, पुढं येऊन आणखी चटणी वाढली. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "हात तर उजवाच दिसतो. मग त्या दिवशी तसं का केलंत? मामांसारख्या साध्या माणसाला?"

आता समजावून सांगायची संधी होती. मी ताटातली वाटी उचलली. "समजा, ही वाटी म्हणजे मी. हे ताट म्हणजे पडदा. मी ताटाच्या या बाजूला उजवा आहे. पण तुम्ही बसलात चुकीच्या बाजूला, त्यामुळे..."

"चौरंग तुम्हीच मांडला होता ना?"

"हो, पण..."

"म्हणजे मला चुकीच्या बाजूला तुम्हीच बसवलंत. आणि वर उलटं मीच बघितलं." मऊपणा गेला. "अप्पा, मला काही हे पटत नाही."

अप्पांनी मान खाली घातली. मामांनी माझ्या मांडीला चिमटा काढला, जणू त्यानं काही सुधारणार होतं. वाटीतली आमटी माझ्या सोवळ्यावर ओघळत होती. पोरगी हातची गेली, हे मला आमटीच्या त्या ओघळाइतकं स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात इंदू बाहेर आली. छापखान्यातली जुळवलेल्या खिळ्यांची एक चौकट तिनं दोन्ही हातांनी आत्याबाईंपुढं धरली. "आत्या, हे वाच."

"हे कसं वाचू? सगळं उलटं आहे."

"छापल्यावर सुलट होतं ना? त्या दिवशी आपल्याला पडद्यावर असंच दिसत होतं. जानवं सव्यच होतं. गदा उजव्याच हातात होती. आणि मामांच्या वाडग्यात तीर्थ नव्हतं, रक्त होतं. मामा ब्रह्मराक्षस होते."

"मुख्य ब्रह्मराक्षस," मामा नम्रपणे म्हणाले.

आत्याबाई चौकटीकडं, मग तिच्याकडं बघत राहिल्या. "तुला सगळं वाचता येत होतं?"

"लहानपणापासून उलटीच अक्षरं वाचते आहे की."

"मग तिथंच बोलली का नाहीस? मी पंखा हाणायच्या आधी!"

"मुलाच्या आईपुढं तोंड उघडायचं नाही, असं तूच बजावून नेलं होतंस."

आत्याबाई मटकन पाटावर बसल्या. आधी खांदे हलले, मग पोट, मग त्या अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "आणि मी सगळ्या रस्ताभर मामांची कणव करत गेले हो," म्हणत त्यांनी मामांना स्वतःच्या हातानं पान लावून दिलं. तेवढ्यावर त्यांची हरकत संपली. आमच्या लग्नानंतर पुढं कितीतरी वर्षं त्या होटगीहून येताना माझ्यासाठी शेंगाची चटणी घेऊन येत, कारण ती खाल्ली की मला आई आठवते, असा त्यांचा ठाम समज होता. तो समज आईनंही कधी मोडला नाही. माझी त्या बाईंवर माया जडली ती तेव्हापासून.

अप्पा मात्र सुधारक. ते म्हणाले, "आमची हरकत नाही, पण पोरीला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही." इंदूनं खाली बघत सांगितलं, "विचार करायला दोन दिवस द्या."

ते दोन दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. शाळेत मी फळ्यावर कलिंगड काढलं, पोरांनी त्याला गणपती म्हटलं, आणि मी बरोबर म्हणून पुढं गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी होकार आला. मामांनी पेठभर पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की हे लग्न एका ब्रह्मराक्षसानं जमवलं.

ते दोन दिवस लाजेचे होते, अशी माझी कैक वर्षं समजूत होती. मुलगी लाजली, चांगल्या घरची होती, लगेच हो कसं म्हणेल? ही गोष्ट मी पाहुण्यांपुढं रंगवून सांगायचो. परवा आमच्या थोरल्या लेकीच्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा मी तिला उपदेश केला, "तुझ्या आईसारखं दोन दिवस लाजावं माणसानं."

इंदू शेंगा सोलत होती. मान वर न करताच म्हणाली, "लाजत कोण होतं?"

"मग?"

"आत्या, तुमच्या आई, बाकीच्या बायका, सगळ्यांनी तुम्हाला उलटं बघितलं होतं. त्यांना समजावलं की झालं. मी एकटीनं सुलट बघितलं होतं. आपल्याच चित्रात आपलाच चेहरा, त्याखाली पैलवानाची छाती, मांडीएवढे दंड, आणि अख्खं सोलापूर वाचवायला निघालेला ड्रॉइंग मास्तर. असल्या माणसाबरोबर जन्म काढायचा म्हटल्यावर दोन दिवस तरी नको का विचार करायला?"

लेक हसत हसत आत पळाली. मी खांद्यावरचं उपरणं जरा छातीवर ओढून घेतलं आणि इंदूच्या हातातल्या शेंगा सोलायला घेतल्या. उजव्या हातानं.